मॉड टाकता येत नसतील तर गेमला पूर्ण पैसे का मोजायचे?

यवतेश्वर_घाट (सातारा)

मंडळी, बोनस जमा झालाय आणि घरच्यांची नजर पडायच्या आत त्यातला थोडा गेमवर उडवायचा बेत आहे. नवा मोठा गेम म्हणजे हल्ली तीन-चार हजारांच्या घरात जातो. एवढे मोजायचे तर मी आधी एकच बघतो, ह्यात मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या जादा फायली, टाकता येतात का. ग्राफिक्स, रिव्ह्यू वगैरे सगळं त्यानंतर.

कारण सांगतो. माझ्या कॉम्प्युटरवर आजवर सगळ्यात जास्त चाललेला गेम म्हणजे ईए कंपनीचा क्रिकेट ०७. आला २००६ च्या शेवटी. आयपीएल सुरू झाली २००८ ला, म्हणजे गेम बनला तेव्हा ती कुणाच्या डोक्यातही नव्हती. ईएनं त्यानंतर क्रिकेटचा नाद सोडला. तरीही माझ्या गेममध्ये आयपीएलचे संघ आहेत, ताज्या जर्सी आहेत, बॅटवरची स्टिकरंसुद्धा चालू हंगामातली आहेत. मूळ गेममध्ये परवाना नव्हता म्हणून आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून घातली होती, ती पण पब्लिकनं सरळ करून टाकली. कंपनी कधीच विसरली, पॅच करणारे विसरले नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत: मॉडला वाव नसलेला गेम सेलमध्ये निम्म्यानं आला तरच घ्यावा. पटतंय का? तुम्ही विकत घेताना हे बघता का?

भडंगवाला (सांगली)

मैदानात चेन्नई-मुंबई आणि कॉमेंट्रीला रिची बेनॉ. हसून हसून पुरेवाट.

कराडी_बाणा

अजिबात पटत नाही.

मी दिवसभर दुकानात उभा असतो. रात्री जेवण उरकून तासभर खेळायला बसतो. त्या तासात मी फायली उतरवू, लोड ऑर्डर (कुठला मॉड आधी, कुठला नंतर) लावू, कुठला मॉड कुठल्याशी भांडतोय ते हुडकू, की खेळू? स्कायरिम २०११ चा. माझ्या ओळखीतले निम्मे लोक तो खेळतच नाहीत, नुसते मॉड चढवत बसतात. दोनशे मॉड लावले की गेम क्रॅश, मग आणखी चार दिवस दुरुस्ती.

आणि ह्यात कंपन्या कशा सोकावतात तेही बघा. डार्क सोल्स २०१२ ला पीसीवर आला तेव्हा आतलं रिझोल्यूशन १०२४ गुणिले ७२० ला बांधलेलं होतं. तुमचा मॉनिटर कितीही भारी असो. गेम बाहेर पडतो न पडतो तोच एका चाहत्यानं डीएसफिक्स नावाचा मॉड काढून ते सोडवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारतो, पैसे घेतले कुणी आणि काम केलं कुणी? लग्नाला आमंत्रण देऊन पाहुण्याच्या हातात वाढायची बादली देण्यातला प्रकार आहे हा.

पूर्ण झालेला गेम विका, पूर्ण पैसे घ्या. माझी एवढीच अपेक्षा.

यवतेश्वर_घाट

@कराडी_बाणा, डीएसफिक्स नसता तर तो गेम तसाच अंधुक राहिला असता. कंपनीनं काम टाळलं हा दोष कंपनीचा. दार उघडं होतं म्हणून कुणीतरी आत येऊन सावरलं, त्याचा राग मॉडवर कशाला?

कराडी_बाणा

दार उघडं नव्हतंच. खिडकीतून शिरला तो. मॉड सपोर्ट वगैरे काही नव्हता त्या गेमला.

भडंगवाला

+१. आता दाराखिडक्यांवर वेगळा धागा काढा. पॉपकॉर्न नाही, भडंग घेऊन बसलोय.

लालपरी_फॅन (कोरेगाव)

कॉम्प्युटरवाल्यांचं झालं असेल तर जरा मोबाइलवाल्यांचंही ऐका. आमच्याकडे स्कायरिम नाही, बस सिम्युलेटर इंडोनेशिया आहे. लोक त्याला बसिड म्हणतात. २०१७ पासून आहे. इंडोनेशियात गाड्या डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता अरुंद, आणि मोटारसायकलवाला कुठूनही समोर येतो. म्हणजे काही न करता निम्मा महाराष्ट्र त्यात आधीच होता! युरोपातले ट्रकचे गेम खेळून बघितले, सगळं चकाचक, पण उजवीकडून गाडी हाकताना आपण परक्या गावात आलोय असंच वाटत राहतं.

उरलेला निम्मा महाराष्ट्र पोरांनी घातला. ह्या गेममध्ये गाडीचा मॉड आणि लिव्हरी दोन्ही रीतसर टाकता येतात, हॅक वगैरे काही लागत नाही. लिव्हरी म्हणजे एक पीएनजी फाइल. बसच्या दोन्ही बाजू, टप, तोंड, पाठ, सगळं एका चौकोनात पसरलेलं असतं आणि त्यावर आपण रंगवायचं. ऐकायला सोपं वाटतं. आता लाल कुठला घ्यायचा? नुकत्याच धुतलेल्या गाडीचा लाल वेगळा, आठ उन्हाळे खाल्लेल्या गाडीचा वेगळा. खिडकीखालच्या पट्ट्याची जाडी फोटो झूम करकरून मोजायची. दाराजवळ तेलाचे डाग, मागच्या काचेवर धूळ, हे नसेल तर गाडी खेळण्यातली दिसते. आणखी एक गोची म्हणजे काही मॉडमध्ये दोन्ही बाजूंना एकच चित्र वापरलेलं असतं, त्यामुळे डावीकडे ‘सातारा’ नीट येतं आणि उजवीकडे आरशात बघितल्यासारखं उलटं. मग मूळ मॉडवाल्याच्या हातापाया पडायचं, दादा दुसऱ्या बाजूला वेगळी जागा दे.

कुठली परदेशी कंपनी सातारा-कोरेगाव-वडूज गाडीचा गेम काढणार आहे? कधीच नाही. दार उघडं ठेवलं म्हणून आमची गाडी तरी आत गेली. स्क्रीनशॉट खाली देतोय.

डेपोत_मुक्काम (सांगली)

सुंदर काम. पण एक विचारू का? स्क्रीनशॉटमध्ये सातारा डेपोच्या एसटीला एमएच ११ कशी? एसटीची बॉडी ज्या कार्यशाळेत बांधली, त्या भागाचा नंबर तिला लागतो. दापोडीची एमएच १४, चिकलठाण्याची एमएच २०, हिंगण्याची एमएच ४०. डेपो कुठलाही असो.

लालपरी_फॅन

माहीत आहे ओ. ही मित्राच्या हट्टापायी केलीय, त्याला गावाचा नंबर पाहिजे होता. एमएच १४ बीटीवाली वेगळी आहे, तीच मी चालवतो.

डेपोत_मुक्काम

मग ठीक. पाटी ‘विनाथांबा’ लावलीय आणि गाडी कोरेगावला थांबलेली दिसतेय, ते मात्र सोडून देतो.

भडंगवाला

दंडवत! ह्याला म्हणतात परीक्षण.

बेदाणा_तासगाव

गाड्यांचं झालं, आता शेतीचं बोलू. फार्मिंग सिम्युलेटर कुणी खेळतं का? स्वित्झर्लंडची कंपनी आहे, पण १७ च्या प्लॅटिनम आवृत्तीपासून त्यात ऊस आला आणि आमच्यासारख्यांची सोय झाली.

ऊस बघून आधी हसू आलं. हार्वेस्टर आत शिरतो, कांड्या तोडून बाजूच्या ट्रेलरमध्ये ओततो, झालं. ना टोळी, ना कोयता, ना मोळी, ना मुकादमाची उचल. तोडल्यावर ऊस परत फुटतो, म्हणजे खोडवा आहे बरं का, त्यांनी अभ्यास केलाय. फक्त उतारा कधी घटतच नाही. खोडवा, निडवा, पुढं कितीही काढा, टनेज तेवढंच! आमच्या वडलांना दाखवलं तर म्हणाले, हे बियाणं कुठं मिळतं विचार.

मग २२ च्या आवृत्तीत द्राक्षं आली आणि द्राक्षाचा बेदाणा करायचा कारखानापण आला. तासगावच्या माणसानं आणखी काय मागावं? पण तिथंही तेच. कारखान्यात द्राक्षं ओतली की बेदाणा तयार. द्राक्षं बुडवायला डिपिंग ऑइल नाही, वाळवायला रॅक नाही, रॅकवर माल असताना पाऊस आला तर काय, ही धास्ती नाही.

आता मुद्द्याचं. ह्या कंपनीनं एडिटर फुकट दिलाय आणि गेमचा बराच डेटा साध्या एक्सएमएल (मजकुराच्या) फायलींत आहे. पीक एकरी किती यावं हा आकडा मी स्वतः बदलून आपल्या भागाजवळ आणलाय, त्याला प्रोग्रॅमर लागत नाही. स्वराज आणि अर्जुन ट्रॅक्टर चाहत्यांनी बनवलेले मिळाले. मागं दोन टेलर जोडले की दिसायला कारखान्याच्या रस्त्यावरची गाडी. पण प्रत्येक खोडव्याला उतारा थोडा घटवायचा तर नुसता आकडा बदलून भागत नाही, लुआ ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत स्क्रिप्ट लिहावी लागते. आणि स्क्रिप्टवाले मॉड कन्सोलवर चालत नाहीत, फक्त पीसीवर. भावकीतल्या पोरानं प्लेस्टेशन घेतलंय, त्याला माझं हे काही देता येत नाही.

तेव्हा धागाकर्त्याला सांगणं, ‘मॉड सपोर्ट आहे’ एवढं वाचून पैसे टाकू नका. कशावर आहे आणि किती आहे ते बघा.

गुऱ्हाळ

गेममध्ये ऊस घातल्यावर पैसे किती दिवसांनी येतात?

बेदाणा_तासगाव

ट्रेलर उलटा केला की लगेच. ओतता ओतताच खात्यात पडतात.

गुऱ्हाळ

म्हणजे कायद्यातले चौदा दिवस पण नाहीत? हा सिम्युलेटर नाही, परीकथा आहे.

कृष्णाकाठचा

वजनकाट्याचं काय? रिकामी गाडी परत काट्यावर घेतात का?

बेदाणा_तासगाव

काटा असला तर बरोबर असतो. मॉड करा कुणीतरी. 😄

वाई_ते_हिंजवडी

मी गेम बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये काम करतो (कंपनीचं नाव सांगत नाही, धाग्यावरच बग रिपोर्ट सुरू होतील). दाराच्या आतल्या बाजूनं थोडं सांगतो.

लोकांना वाटतं मॉड सपोर्ट म्हणजे सेटिंग्जमधलं एक बटण. प्रत्यक्षात ते गेमचा पाया घालतानाच ठरवावं लागतं. समजा दुकानातल्या वस्तूंची यादी मी थेट कोडमध्ये लिहिली, तर बाहेरच्या माणसाला ती बदलायला माझा प्रोग्रॅमच उसवावा लागतो. तीच यादी मी वेगळ्या फाइलीत ठेवली तर तो फक्त फाइल बदलतो. स्टारड्यू व्हॅली हा गावात शेती करायचा गेम ह्याचं चांगलं उदाहरण. २०१६ ला आला तेव्हा अधिकृत सोय नव्हती, पण तो सी-शार्प ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत असल्यामुळे लोकांनी एसएमएपीआय नावाचा मॉड चढवणारा लोडर स्वतःच तयार केला आणि त्यावर हजारो मॉड उभे राहिले. हीच कराडकरांची खिडकी. नंतर २०२४ च्या मार्चमध्ये १.६ अपडेट आलं, त्यात कोडमध्ये गाडलेल्या कितीतरी गोष्टी उचलून डेटा फायलींत आणल्या. म्हणजे खिडकीतून येणाऱ्यांसाठी मालकानं नंतर दार पाडलं.

आता खर्च. मॉड चालू असताना खेळणारा गेम सेव्ह करतो. त्या सेव्हमध्ये मॉडच्या वस्तूचा आयडी बसतो. उद्या त्यानं मॉड काढला की तो आयडी कुणाचा हे गेमला कळत नाही आणि सेव्ह उघडत नाही. तक्रार येते आमच्याकडे. अपडेट काढलं की जुने मॉड मोडतात, तीही तक्रार आमच्याकडे. स्कायरिमच्या २०२१ च्या ॲनिव्हर्सरी आवृत्तीच्या वेळी स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर (चाहत्यांनी बनवलेल्या जोडप्रोग्रॅमवर) अवलंबून असलेले मॉड एका झटक्यात बंद पडले होते, कारण तो एक्स्टेंडर गेमच्या नेमक्या आवृत्तीला बांधलेला असतो. आणि मल्टिप्लेअर असेल तर विचारूच नका. मॉडला उघडलेलं दार चीटवाल्यालाही उघडंच असतं.

त्यामुळे दार न ठेवणारी प्रत्येक कंपनी लबाड असते असं नाही. आमच्या टीमला तेवढी माणसंच परवडत नाहीत.

यवतेश्वर_घाट

हा प्रतिसाद आवडला. माणसं कमी म्हणून नाही जमलं, हे समजू शकतो. पण ज्यांच्याकडे माणसांची फौज आहे आणि जे स्वतःचे पोशाख वेगळे पैसे घेऊन विकता यावेत म्हणून कुलूप लावतात, त्यांचं काय?

वाई_ते_हिंजवडी

त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, उद्या तिथेच मुलाखत असायची.

वाकडी_वाट (इस्लामपूर)

इतका वेळ सगळे मॉडचं कौतुक करताहेत, पैशाचं कुणी बोलत नाही. मी बोलतो.

काउंटर-स्ट्राइक हा १९९९ ला हाफ-लाइफ ह्या गेमचा मॉड म्हणून सुरू झाला. मिन्ह ली आणि जेस क्लिफ ह्या दोघांनी केला. हाफ-लाइफवाल्या व्हॉल्व्ह कंपनीनं त्यांना कामावर घेतलं, २००० मध्ये तो डब्यात घालून विकला, आणि आज एवढ्या वर्षांनीही त्याच नावावर धंदा चालू आहे. डोटा हा वॉरक्राफ्ट ३ चा मॉड. पबजीवाला ब्रेंडन ग्रीन आधी आर्मा २ च्या डेझी मॉडवर स्वतःचा बॅटल रॉयल मॉड करत होता, मग २०१७ ला पबजी आला. सांगलीत ज्या पोरांनी हातखर्चाचे पैसे पबजीच्या कपड्यांत घातले त्यांना हे माहीत तरी आहे का?

म्हणजे नवीन कल्पना कुठून येतात? फुकट राबणाऱ्यांकडून. नशीब असेल तर नोकरी, नसेल तर ‘धन्यवाद भावा’. वॉरक्राफ्टवाल्या ब्लिझार्डनं डोटा हातून गेल्याची अशी काही धडकी घेतली की २०२० मध्ये वॉरक्राफ्ट ३ रिफोर्ज्ड काढताना करारातच लिहिलं, ह्यावर तुम्ही बनवाल तो कस्टम गेम आमच्या मालकीचा. फुकट राबा आणि मालकीही सोडा. ह्याला माझ्या गावात वेठबिगारी म्हणतात.

लालपरी_फॅन

मी कुणासाठी राबत नाही दादा. मला माझी गाडी पाहिजे होती म्हणून केली.

वाकडी_वाट

तुझी गाडी चालवायला किती जणांनी तो गेम उतरवला असेल आणि प्रत्येकानं किती जाहिराती बघितल्या असतील?

लालपरी_फॅन

असतील की. पण बसस्टँडवर उभं राहून फोटो काढायला मला कुणी लावलं नव्हतं. प्रत्येक गोष्टीचा हिशोब लावला तर मग गणपतीत आरास पण करू नये.

तंबोरा_मिरज

वाकडी_वाट, मॉडला पैसे मिळावेत ह्याच्याशी सहमत, पण तो प्रयोगही झालाय. २०१५ च्या एप्रिलमध्ये स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात, स्कायरिमचे मॉड विकायला काढले होते. बनवणाऱ्याला २५ टक्के, उरलेले ७५ व्हॉल्व्ह आणि स्कायरिमवाली बेथेस्डा वाटून घेणार. इतका गदारोळ झाला की चार दिवसांत गुंडाळलं. आणि चिडले होते खेळणारेच, ‘आमचं फुकट बंद करता का’ म्हणून. मग वेठबिगार ठेवणारं नक्की कोण?

वाकडी_वाट

२५ टक्क्यांवरही चिडले होते, ते सोयीस्कर विसरू नका. पण हो, खेळणारेही कमी नाहीत. मान्य.

अनघा_एस (सातारा)

मी गेम खेळत नाही, पण धागा वाचतेय कारण प्रश्न माझ्या घरातला आहे. मुलगा सातवीत. त्यानं माझ्या फोनवर कुठल्यातरी गेमचा ‘मॉड एपीके’ घातला, अनलिमिटेड कॉइन मिळतात म्हणून. दोन दिवसांत फोनवर भलभलत्या जाहिराती उघडायला लागल्या आणि त्या ॲपनं मेसेज वाचायची परवानगी घेतलेली निघाली. त्याच फोनवर माझे बँकेचे ओटीपी येतात! तुम्ही सगळे ज्याचं कौतुक करताय ते हेच का?

वाई_ते_हिंजवडी

नाही ताई, हे अगदी वेगळं प्रकरण. वर ज्यांची चर्चा चाललीय ते मॉड मूळ गेममध्ये घालायच्या जादा फायली आहेत. मॉड एपीके म्हणजे कुणीतरी पूर्ण ॲप फोडून, आत हवं ते घालून, पुन्हा बांधून दिलेलं. आत काय घातलंय हे ज्यानं बांधलं त्यालाच ठाऊक. ते लगेच काढून टाका, बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, आणि सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल’ची परवानगी बंद करा. शंका उरली तर डेटा वेगळा ठेवून फोन रीसेट करा.

तरी खरे मॉडही शंभर टक्के सुरक्षित असतात असं म्हणणार नाही. २०२३ च्या जूनमध्ये माइनक्राफ्टच्या मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस सापडला होता, तोही कर्सफोर्ज ह्या नावाजलेल्या साइटवर. ज्या मॉडमध्ये नुसतं चित्र किंवा आकडे आहेत त्याची भीती कमी. ज्यात चालणारं कोड आहे ते तुमच्या कॉम्प्युटरवर काहीही करू शकतं. थोडा जुना, पुष्कळ लोकांनी वापरलेला घ्यावा.

अनघा_एस

धन्यवाद. काढलं. मुलाला हा धागा वाचायला दिलाय, त्यानं उसाचा भाग दोनदा वाचला आणि आता लॅपटॉप मागतोय.

भडंगवाला

बेदाणा_तासगाव, जबाबदारी तुमची.

गडकोट_भटक्या (सातारा)

अवांतर करतो. एम्पायर टोटल वॉर कुणी खेळलंय का? २००९ चा. त्यात मराठा साम्राज्य घेऊन खेळता येतं आणि खेळ सुरू होतो १७०० साली. आता १७०० म्हणजे आपल्या इथे काय चाललं होतं? औरंगजेब स्वतः अजिंक्यताऱ्याखाली तळ ठोकून होता, मार्चमध्ये राजाराम महाराज गेले, एप्रिलमध्ये किल्ला पडला, बादशहानं त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढे ताराबाईंची माणसं किल्ला परत घेणार. एवढं नाट्य हातात असून गेममध्ये आपण निवांत कर गोळा करत बसतो.

मॉडवाल्यांनी त्यात तुकड्या वाढवल्या, लढाया सुधारल्या, पण ह्या गेमचा मोहिमेचा नकाशा बदलणं महाकर्मकठीण. त्याच कंपनीचा २००६ चा मिडिव्हल २ बघा, त्यात लोकांनी नकाशेच्या नकाशे नवे केले. नवा गेम जुन्यापेक्षा बंद! धागाकर्त्याच्या मुद्द्याला माझ्याकडून एवढं तोरण.

कृष्णाकाठचा

एज ऑफ एम्पायर्स २ चं का नाही बोलत कुणी? १९९९ चा गेम. फॉरगॉटन एम्पायर्स नावाचा मॉड केला चाहत्यांनी, २०१३ ला तोच कंपनीनं अधिकृत विस्तार म्हणून काढला. पुढे त्याच लोकांचा स्टुडिओ झाला आणि आता तेच तो गेम सांभाळतात. २०२२ ला भारतातल्या राजवटींचा भाग काढला, बंगाली, द्रविड, गुर्जर. मराठे नाहीत कारण त्या खेळाचा काळ आधी संपतो, म्हणून उगाच भांडू नका. वाकडी_वाट, बघा, एखाद्याचं नशीब असंही निघतं.

तंबोरा_मिरज

आता माझं दुखणं सांगते. स्टारड्यू व्हॅली मराठीत करायला घेतलाय. २०२१ मधल्या १.५.५ पासून त्यात आपली भाषा जोडता येते. म्हटलं संवाद भाषांतरित केले की झालं. त्यातला म्हातारा जॉर्ज कुरकुरायला लागला की हुबेहूब आमच्या वाड्यातले आबा. तो भाग एका रात्रीत हातावेगळा झाला.

आणि पडद्यावर बघते तर पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर! ‘किती’ लिहिलं की आधी क, मग ि. जोडाक्षरं सगळी पाय मोडलेली, ‘क्षमा’ म्हणजे क, पाय, ष, मा. कारण असं की गेमचा फाँट म्हणजे अक्षरांची चित्रं आहेत. एकेक अक्षर ओळीनं ठेवत जातो, बस्स. रोमन, सिरिलिकला तेवढं पुरतं. देवनागरीत आधी मांडणी करावी लागते, वेलांटी पुढं आणायची, जोडाक्षराला वेगळं चित्र वापरायचं. ते काम ब्राउझरमध्ये शेपिंग इंजिन करतं, इथं तसलं काही नाहीच.

सध्या असं करतेय: लागणाऱ्या प्रत्येक जोडाक्षराचं एक चित्र बनवायचं, त्याला युनिकोडच्या (अक्षरांच्या जागतिक क्रमांकयादीच्या) खासगी भागातला एक क्रमांक द्यायचा, आणि संवाद गेमला देण्याआधी एका छोट्या पायथन स्क्रिप्टनं त्या क्रमांकांत बदलून घ्यायचे. वेलांटी तीच स्क्रिप्ट पुढं सरकवते. रफार अजून छळतोय. ‘कर्ता’वर ठीक बसतो, ‘मूर्ती’त वेलांटीला जाऊन आपटतो.

अधिकृत सोय असूनही हे हाल. पण सोय नसती तर सुरुवातच झाली नसती, हेही खरं.

वाई_ते_हिंजवडी

र्ती, र्थी, र्मी ही सगळी अख्खी चित्रं म्हणूनच घ्या. रफार सुटा ठेवायच्या भानगडीत पडू नका. मराठीत अशा जोड्या मोजक्याच आहेत, तुमच्या संवादांतूनच यादी काढा.

तंबोरा_मिरज

हे सुचलं नव्हतं. करून बघते. व्यनि (खासगी निरोप) करू का?

वाई_ते_हिंजवडी

करा की.

कराडी_बाणा

परत मूळ प्रश्नावर येऊ? एवढं वाचून मी अर्धा पाऊल पुढं आलोय, अर्धाच. एसटी, ऊस, मराठी संवाद, हे कंपनीनं कधीच केलं नसतं, तिथं मॉडला माझा आक्षेप नाही. माझं भांडण दुरुस्तीच्या मॉडशी. जे गेममध्ये असायलाच हवं होतं, ते पब्लिक करेल म्हणून सोडून द्यायचं, त्याला पूर्ण किंमत मी देणार नाही.

यवतेश्वर_घाट

घासाघीस बरी चाललीय. माझ्या यादीत शेवटी शहर बांधायचा गेम उरलाय, सिटीज स्कायलाइन्स. पहिला घ्यावा की दुसरा?

कृष्णाकाठचा

पहिला. २०१५ चा आहे, स्टीम वर्कशॉपवर (स्टीमच्या मॉडच्या कोठारात) डोंगराएवढं साहित्य पडलंय, सेलमध्ये कवडीमोलानं मिळतो. दुसरा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मॉडशिवायच आला, सोय झाली पुढच्या मार्चमध्ये, तीही वर्कशॉपवर नाही, गेमची प्रकाशक पॅराडॉक्स हिच्या स्वतःच्या जागेवर. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले त्यांना विचारा. ‘मॉड येणार आहेत’ ह्यावर पैसे टाकू नका, ‘आलेत’ ह्यावर टाका.

कराडी_बाणा

हे मात्र लाख बोललात.

यवतेश्वर_घाट

पहिला घेतो मग. वाचलेल्या पैशांचं घरी सांगायचं की नाही ते बघू.

गडकोट_भटक्या

त्यात जुना खंबाटकी घाट करा आधी. पुण्याकडून येताना घाट चढायचा, साताऱ्याकडून जाताना बोगदा. एकेरी रस्ते जमले म्हणजे गेम जमला.

डेपोत_मुक्काम

लालपरी_फॅन, मिरज-पंढरपूर पाटी कराल का? चित्रच आहे म्हणजे वेलांटीचा प्रश्न यायचा नाही. गाडी एमएच १४ बीटी घ्या, ‘जत मार्गे’ लिहू नका, ती वेगळी.

लालपरी_फॅन

सांगोला मार्गे ना? पाटीचा समोरून एक फोटो पाठवा, अक्षराची जाडी बघायचीय. उन्हात काढू नका, चमकतं.